पेटीची मर्यादा आणि माणसाचं व्रत

संगणकाशिवाय स्वतःच्या बळावर चालणारी संगीतनिर्मितीची यंत्रं वापरणाऱ्यांत एक श्रद्धा पक्की रुजली आहे: यंत्रात जितकं कमी, तितकं संगीत चांगलं. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ट्रॅक, हजारो ध्वनी आणि केलेलं हवं तितकं मागे घेण्याची सोय असते, म्हणून माणूस भरकटतो. आठ ट्रॅकांची, सोळा पॅडांची पेटी मात्र त्याला ताळ्यावर आणते, असं हे म्हणणं. ऐकायला ते तांत्रिक वाटतं, पण मुळात ते धार्मिक आहे. सोडल्याने माणूस मोकळा होतो हा दावा आपल्याकडे अपरिग्रहाच्या नावाने आणि ख्रिस्ती मठांत दारिद्र्याच्या व्रताच्या नावाने शतकानुशतकं केला गेला. दावा जुना आहे म्हणून खोटा ठरत नाही. पण धर्मात त्याला ज्या कसोट्या लावल्या गेल्या, त्या दुकानातल्या मालालाही लावून पाहायला हरकत नसावी.

आधी या मर्यादा नेमक्या कोणत्या ते पाहू. अकाई कंपनीची २०१७ची एमपीसी लाइव्ह घ्या. बॅटरीवर चालते, टचस्क्रीन आहे, सोळा पॅड आहेत. आत मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा एआरएम प्रोसेसर आणि २ जीबी रॅम. संगणकाला न जोडता वापरली तर ऑडिओ ट्रॅक आठच. संगणकावर वर्षानुवर्षं जमवलेले प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, तिच्यात चालत नाहीत, कारण ते विंडोज किंवा मॅकसाठी बांधलेले असतात. या पेटीसाठी वेगळे बांधून दिले तेवढेच चालतात. एबलटनने २०२३ मध्ये पुश ३ची स्वतंत्र चालणारी आवृत्ती काढली. तिच्यात इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम, म्हणजे सरळसरळ एक छोटा संगणकच. तरीही बाहेरच्या कंपन्यांचे प्लगइन नाहीत, आणि गाणं पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत आडवं मांडून दाखवणारा अरेंजमेंटचा पडदा ती बाजारात आली तेव्हा तिच्यावर नव्हता. इलेक्ट्रॉनच्या २०१७च्या डिजिटॅक्टमध्ये आठ मोनो ट्रॅक आणि एका प्रोजेक्टला ६४ एमबी जागा. टीनेज एंजिनिअरिंगच्या २०११च्या ओपी-१मध्ये चार ट्रॅकांची, सहा मिनिटांची टेप. यातल्या काही मर्यादा भौतिक आहेत: एवढ्याशा डब्याने किती उष्णता सोसायची, बॅटरी किती वेळ पुरवायची. काही रचनाकाराने विचारपूर्वक घातलेल्या आहेत. आणि काही पुढच्या मॉडेलसाठी राखून ठेवलेल्या असाव्यात, असा संशय घ्यायला पुरेशी जागा आहे. भक्तमंडळी या तिन्हींना एकाच आरतीत ओवाळतात.

मर्यादा काम कशी करते हे जवळून पाहण्यासारखं आहे. पेटीवर तीन-चार जड सिंथ आणि त्यांवर रिव्हर्ब लावले की प्रोसेसरचा काटा वर चढतो आणि आवाजात तडतड सुरू होते. मग एखादा ट्रॅक बाऊन्स करायचा, म्हणजे वाजवलेल्याचा ऑडिओ करून टाकायचा आणि मूळ वाद्य काढून टाकायचं. बेसचा फिल्टर किती उघडा, सूर किती लांबवायचा, हे त्या क्षणी ठरून जातं. उद्या कोरस चढल्यावर बेस जड वाटला तर फिल्टर हाताशी नसतो. आहे त्या ऑडिओवर ईक्यूची मलमपट्टी करा, नाहीतर नव्याने वाजवा. डेस्कटॉपवर हाच निर्णय शेवटच्या मिक्सपर्यंत पुढे ढकलता येतो आणि बहुतेक वेळा ढकललाच जातो. निर्णय वेळेत घ्यावा लागणं याचं मोल मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की ते मोल मर्यादेचं की निर्णयाचं? कारण निर्णय चुकीचाही असू शकतो, आणि तो बरोबर की चूक याच्याशी मर्यादेला काही देणंघेणं नसतं. कानाला असतं.

मर्यादावाद्यांचा सर्वांत भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा आहे. ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे नोंदवून पुन्हा वाजवणारं यंत्र, १९८७ साली आला. १२ बिट, सेकंदाला सुमारे २६ हजार नमुने, सॅम्पलिंगचा एकूण वेळ दहा सेकंद, आणि एका सॅम्पलला अडीच सेकंदांहून जास्त नाही. हिपहॉपवाल्यांनी त्यावर तोड काढली: ३३⅓च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवायची, ते धावतं संगीत सॅम्पल करायचं आणि मग यंत्रात त्याची पट्टी खाली आणायची. ४५ला ३३⅓ने भागलं की १.३५ येतात, म्हणजे अडीच सेकंदांच्या जागेत जवळजवळ ३.४ सेकंदांचं मूळ संगीत मावलं. पट्टी उतरवताना आवाजावर एक खरखरीत थर चढला, आणि तोच थर त्या काळच्या न्यूयॉर्कच्या हिपहॉपची ओळख झाला. दहा सेकंदांची कोंडी नसती तर तो आवाज बहुधा सापडला नसता, हे मान्य केलंच पाहिजे.

दुसरा पुरावा तर मुंबईपर्यंत येतो. रोलंडने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा, हा हेतू. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजत नसे, त्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी, आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. जुन्या बाजारात मातीमोल झालेलं हे यंत्र शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागलं आणि १९८७ साली फ्यूचर या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने अ‍ॅसिड हाउस या नव्या संगीतप्रकाराला नाव दिलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईत हेच ३०३, रोलंडचंच टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची एक तबकडी केली होती. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; बेस गिटारच्या नकलेसाठी दिलेली ती घसरण त्यांनी रागाच्या सुरावटीला वापरली. तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा अ‍ॅसिड हाउसच्या चाहत्यांनी तोंडात बोटं घातली.

हे सगळं खरं आहे, आणि तरीही यातून ‘मर्यादेमुळे कला घडते’ हा निष्कर्ष निघत नाही. पहिलं कारण म्हणजे हे पुरावे यशस्वी झालेल्यांकडून गोळा केलेले आहेत. दहा सेकंदांत मावली नाहीत म्हणून जी गाणी झालीच नाहीत, त्यांची नोंद कोणाच्या वहीत नसते. दुसरं अधिक महत्त्वाचं. एसपी-१२०० वापरणाऱ्यांनी दहा सेकंदांची पूजा केली नाही, ती चुकवली. तबकडी ४५वर फिरवणं ही मर्यादेतून पळवाट काढण्याची युक्ती होती. आवाज घडला तो या झटापटीत. यंत्रं बनवणाऱ्यांनीही मर्यादा जपली नाही. रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवलेल्या १९८८च्या एमपीसी६०मध्ये मूळ तेरा सेकंदांची जागा होती आणि ती सव्वीसपर्यंत वाढवण्याची सोय पहिल्यापासून दिलेली होती. १९९४ची एमपीसी३००० आली ती १६ बिटांची, सीडीच्या दर्जाची. ज्यांच्या नावाने आज साधेपणाची महती गायली जाते, त्यांनी हातात येईल तेवढी स्मृती विकत घेतली. आणि आकड्यांत काही पावित्र्य असतं तर ते टिकलं असतं. १९६७चा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकांच्या यंत्रांवर झाला. आज आठ ट्रॅकांना तपश्चर्या म्हटलं जातं. डिजिटॅक्टच्या ६४ एमबीत मोनो आवाजाची सुमारे अकरा मिनिटं बसतात, म्हणजे एसपी-१२००च्या सहासष्ट पट. त्या काळच्या कोणत्याही निर्मात्याने याला श्रीमंती म्हटलं असतं.

मराठी कानाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको, कारण आपण जिला पेटी म्हणतो तिच्यावरून हा वाद पूर्वीच झडून गेला आहे. हार्मोनिअमवर मींड येत नाही, श्रुती ठरलेल्या जागी बसलेल्या असतात; या कारणांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कुठे सैल झाली. त्या सगळ्या काळात मैफलींत आणि संगीत नाटकांत पेटी वाजत राहिली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली, पण मींड नसणं हाच पेटीचा गुण आहे असं म्हणून नव्हे. भात्याचा दाब आणि बोटांची लगट यांतून सलगपणाचा भास उभा करून त्यांनी उणीव झाकली. उणिवेला उणीव म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या पेट्यांच्या कौतुकात सापडत नाही.

मग रागाचं काय, असा आक्षेप इथे यायलाच हवा. रागसंगीत उभंच आहे बंधनांवर. वर्ज्य स्वर कटाक्षाने टाळले जातात आणि त्यातूनच विस्तार होतो. हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता देशकार घ्या. स्वर तेच पाच, वर्ज्य तेच दोन. तरीही भूप संध्याकाळनंतरचा, गंधारावर विसावणारा, पूर्वांगात रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर झेपावणारा, उत्तरांगात फिरणारा. भूपात धैवतावर नको तितका मुक्काम झाला की जाणत्या श्रोत्याच्या कपाळाला आठी पडते. मर्यादेचा आकडा दोन्हीकडे सारखा असूनही राग दोन होतात, याचा अर्थ राग त्या आकड्यात नाही. तो स्वरांच्या परस्पर नात्यात आहे, कुठून उचलायचं आणि कुठे टेकायचं यात आहे. रागाचं बंधन एखादी गोष्ट करू नका असं सांगतानाच दुसरी कशी करायची तेही सांगतं. पिढ्यांनी ते गाऊन ठरवलेलं असतं. ‘ऑडिओ ट्रॅक आठ’ हे बंधन नववा ट्रॅक नाही एवढंच सांगतं. आठांचं काय करायचं याबद्दल त्याच्याकडे चकार शब्द नाही. चरणजित सिंग यांच्या तबकडीवर भूपाळीही आहे, आणि तिथे भूपाळीचं भूपाळीपण ३०३च्या सोळा पायऱ्यांनी राखलेलं नाही. रागाची जाण असलेल्या वादकाने राखलं आहे.

आता मानसशास्त्राचा आधार घेणारा आक्षेप. पर्याय फार झाले की माणूस गोठतो, हे प्रयोगाने सिद्ध झालंय असं बिनदिक्कत सांगितलं जातं. शीना आयंगार आणि मार्क लेपर यांचा २०००चा जॅमचा प्रयोग प्रसिद्धच आहे: दुकानात चोवीस प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे तीन टक्क्यांनी खरेदी केली, सहा मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. पण अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१० मध्ये मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कधी पर्याय वाढल्याने त्रास होतो, कधी फायदा; ते माणसाला काय हवं आहे हे त्याला आधी माहीत आहे का, यासारख्या गोष्टींवर ठरतं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगोरने १८४९ मध्येच याची तात्त्विक बाजू मांडून ठेवली होती. नुसत्या शक्यतांत हरवलेला माणूस निराश असतो, हे त्याचं म्हणणं पेटीवाले आनंदाने स्वीकारतील. पण नुसत्या अपरिहार्यतेत कोंडलेला माणूसही तितकाच निराश असतो, असं तो लगेच पुढे सांगतो. ते पान मात्र वाचलं जात नाही.

इथवर येऊनही पेटीच्या बाजूने एक युक्तिवाद शिल्लक राहतो आणि तो मला पटतो. माणसाचा निग्रह कच्चा असतो. लॅपटॉपवर आठच ट्रॅक वापरीन असं ठरवणारा संध्याकाळपर्यंत अकरावर जातो, आणि मध्येच ईमेलही पाहतो. नॉर्वेचे तत्त्वज्ञ यॉन एल्स्टर यांनी १९७९च्या पुस्तकात युलिसिसची ग्रीक कथा याच अंगाने वाचली आहे: सायरनांच्या गाण्याने आपण वाहवत जाणार हे ओळखून त्याने स्वतःला डोलकाठीला आधीच बांधून घेतलं. पेटी ही अशी डोलकाठी असू शकते. पण एल्स्टर यांनीच २००० साली कलेतल्या बंधनांवर लिहिताना वस्तूच्या स्वभावातून येणारी, बाहेरून लादलेली आणि स्वतःहून घातलेली बंधनं वेगळी केली. हा फरक आपल्या घरात रोज कळतो. एकादशीला न जेवणारा आणि घरात धान्य नाही म्हणून न जेवलेला, दोघांचंही पोट रिकामंच. पण एकाचा उपवास असतो, दुसऱ्याची उपासमार. जुन्या, कुथत चालणाऱ्या लॅपटॉपवर तीन प्लगइन लावले की स्क्रीन गोठते अशा मुलाला मर्यादेचं माहात्म्य ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं पुण्य सांगण्यासारखं आहे. ज्याच्याकडे सगळं आहे त्यानेच पेटी घेऊन ‘कमी’ होण्याचा आनंद घ्यावा, यात चूक काही नाही; फक्त तो आनंद आधीच्या भरलेल्या ताटावर उभा आहे, हे त्याने विसरू नये.

व्रताच्या दृष्टीने आजच्या पेटीत आणखी एक खोट आहे. व्रताचे नियम व्रत घेणारा ठरवतो, किंवा तो मानतो ती परंपरा ठरवते. इथे ते कंपनी ठरवते आणि फर्मवेअरच्या एका अपडेटने बदलते. काल जे नव्हतं ते आज आलं की तेच भक्त, जे काल ‘नसण्यात’ मुक्ती पाहत होते, ‘असण्याचं’ स्वागत करतात. याला मी ढोंग म्हणणार नाही. त्यांना मुळात मर्यादा आवडतच नव्हती, दुसरंच काही आवडत होतं, असं म्हणेन. बटण दाबल्यावर लगेच वाजू लागणं, सोळा पॅडांवर दहा बोटांनी जोर कमीजास्त करत ठेका धरणं, पडद्याकडे न पाहता नुसत्या कानावर विसंबणं, मांडीवर घेऊन एसटीतही काम करता येणं: या उणिवा नाहीतच, क्षमता आहेत, आणि माउस-कीबोर्डला त्या जमत नाहीत. मर्यादेच्या नावावर खपणारं बरंचसं श्रेय खरं तर या क्षमतांचं आहे. ते त्यांना दिलं की आठ ट्रॅक आणि २ जीबी रॅम यांना गुण म्हणण्याची गरजच उरत नाही. त्या मोजून घ्यायच्या किमती ठरतात, जशा कोणत्याही वाद्याच्या असतात.

तेव्हा अशी पेटी घेण्याच्या बेतात असलेल्यांना एक विनंती आहे. ज्या सॉफ्टवेअरवर काम करता त्यातच आधी महिनाभर आठ ट्रॅकांचा नियम पाळून पाहा: रोज एक ट्रॅक बाऊन्स करून त्याचं मूळ वाद्य पुसून टाका, इंटरनेट बंद ठेवा. नियम पाळला गेला आणि संगीत सुधारलं, तर पेटीच्या मर्यादेसाठी पैसे मोजायची गरज नाही. नियम सारखा मोडत असेल, तर डोलकाठी म्हणून पेटी घ्यायला हरकत नाही. आणि पॅडांवर वाजवायचं आहे म्हणून हात शिवशिवत असतील, तर मर्यादेचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून खुशाल घ्या; वाद्य विकत घ्यायला तेवढं कारण पुरतं.